भोगलं म्हणजे फिटलं?

निकाल लागला की पक्षकार पेढे घेऊन येते. मी पेढा खाते आणि मनातल्या मनात वसुलीच्या अर्जाची तयारी सुरू करते. पोटगीचा हुकूम मिळणं आणि पोटगी मिळणं, या दोन्हींच्या मध्ये कधी कधी मुलाची दहावी होऊन जाते. त्यात रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज करायचा, ही अट. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये ती होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. मग पोलिसांचा अहवाल येतो: ‘सदर इसम दिल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ सदर इसम त्याच संध्याकाळी भजनात टाळ वाजवत असतो.

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. माझ्या एका पक्षकाराचा नवरा माळकरी. टेम्पो चालवतो, टेम्पो भावाच्या नावावर. बायको आणि मुलगा मिळून महिना सहा हजारांचा हुकूम. पैसे थकले, वॉरंट निघालं, शेवटी सापडला. पैसे भरायला तयार नव्हता, म्हणून आत गेला. सुटून आल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाला, “मॅडम, भोगून आलो की. आता कसलं देणं राहिलं?” बोलण्यात मग्रुरी नव्हती. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, त्यानं देणं फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९८९ च्या ए.आय.आर.मध्ये छापलेला आहे आणि त्याची झेरॉक्स माझ्या बॅगेतच असते. पण या माणसाचा प्रश्न धर्माचा होता, आणि तिथं त्याला आधार सापडतो. राजानं दंड केलेला अपराधी पुण्यवंतासारखा शुद्ध होऊन स्वर्गाला जातो, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. हे न वाचताही आपल्या अंगात मुरलेलं असतं. उपास केला, अनवाणी चाललो, देहाला कष्ट दिले की खातं कोरं.

मात्र त्याच अध्यायात कर्ज वसूल करायचे पाच मार्गही सांगितले आहेत आणि पाचवा चक्क बळाचा आहे. म्हणजे पाप आणि देणं यांची गल्लत तिथंही नाही. पापाचा हिशेब पापी आणि देव आपसांत मिटवू शकतील. देण्यात मात्र तिसरं माणूस समोर उभं असतं, आणि तुम्ही कितीही भोगलंत तरी त्याच्या हातात छदाम पडत नाही. हा बराकीत होता तेव्हा त्याची बायको पहाटे चारला उठून पोळी-भाजी केंद्राच्या पोळ्या लाटत होती. मुलाच्या क्लासची फी त्यातून गेली. त्याच्या शुद्ध होण्याचा तिला काय उपयोग झाला?

पितृऋणाबद्दल आपण केवढं बोलतो! बापाचं कर्ज मुलानं फेडणं हे जुन्या हिंदू कायद्यात धर्मकर्तव्यच होतं. २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं पुढच्या कर्जांपुरती मुलांची त्यातून सुटका केली. बाप मुलाचं काय देणं लागतो, यावर मात्र मी अजून एकही कीर्तन ऐकलेलं नाही.

पक्षकाराच्या आईचा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. “जबरदस्तीनं घेतलेला पैसा लाभत नाही,” असं त्या दर तारखेला म्हणतात. मनाविरुद्ध केलेलं कर्तव्य हे कर्तव्यच नव्हे, असं म्हणणारे मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले, तेव्हा आजींना हसण्यात अर्थ नाही. पण त्या विचारात सगळं लक्ष देणाऱ्याच्या मनाकडे असतं. लेकीनं एकदाच उत्तर दिलं: “आई, गॅसवाला विचारत नाही पैसे कुणी मनापासून दिले ते.” देणाऱ्याला पुण्य लागो न लागो, ते त्यानं बघावं.

म्हणून तुरुंगापेक्षा मला जप्ती बरी वाटते. दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्ये साध्या कर्जाच्या वसुलीत पहिले हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश. सावकारापेक्षा बायकोमुलांचा हक्क मोठा, असं कायदा इथं आकड्यांत सांगतो. अर्थात पगार असेल तर. आमच्या टेम्पोवाल्यानं उत्पन्न लिहिलंय ‘अनियमित मजुरी’. मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, त्याचा एवढा तरी फायदा की खोटं आता सहीनिशी कागदावर येतं. टेम्पोचे हप्ते कुणाच्या खात्यातून जातात ते कळावं म्हणून मी बँकेचा उतारा मागवायचा अर्ज दिलाय. भावाच्या वकिलांनी त्यावर म्हणणं द्यायला मुदत मागितली आहे.