बायबल कुठून वाचायला सुरुवात करावी?

रात्री साडेअकराला रूममेटनं विचारलं, "अरे, मला तुमचं बायबल वाचायचंय. कुठून सुरू करू?"

मी नुकताच ऑफिसच्या कॉलवरून सुटलो होतो. "पहिल्या पानापासून," म्हणालो आणि झोपलो.

खरं तर प्रोजेक्टवर नवीन आलेल्या कुणालाही मी पहिल्या फाईलपासून कोड वाचायला सांगत नाही. आधी विचारतो, तुला काम काय दिलंय? मित्राला मात्र हे विचारायचं सुचलं नाही. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. लहानपणापासून हे पुस्तक घरात आहे, त्यामुळे त्यात शिरायला दार लागतं हेच विसरलो होतो.

बायबल हे एक पुस्तक नाही, ते कपाट आहे. प्रॉटेस्टंटांच्या कपाटात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३. कित्येक शतकांत, हिब्रू, थोड्या अरामी आणि ग्रीक भाषेत लिहिली गेलेली. त्यात कथा आहेत, कायदे आहेत, प्रेमकविता आहेत, पत्रंही आहेत. पहिल्या पानापासून निघालेला माणूस 'उत्पत्ती' आवडीनं वाचतो, 'निर्गम'मध्ये समुद्र दुभंगेपर्यंत मजेत जातो. मग निवासमंडपाच्या पडद्यांची मापं सुरू होतात, पुढे 'लेवीय'मध्ये अर्पणांचे नियम. तीन आठवड्यांनी आमचा गडी तिथंच अडकला.

मग मी चर्चमध्ये नेहमी दिला जातो तो सल्ला दिला: मार्कचं शुभवर्तमान वाच. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात जुनं. त्यानं ते दोन दिवसांत, कंपनीच्या बसमध्ये वाचून संपवलं. "चांगलंय," म्हणाला, "पण मला हवं होतं ते यात नाही."

तेव्हा कुठे मी विचारलं, "तुला काय हवंय?"

गेल्या वर्षी त्याची मोठी बहीण गेली, एवढं मला माहीत होतं. त्यानंतर घरी भेटायला आलेला प्रत्येक जण काही ना काही समजावून गेला, हे माहीत नव्हतं. कुणी नशीब म्हणालं, कुणी मागच्या जन्माचं, कुणी "दवाखान्यात आधी न्यायला हवं होतं." आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बायबलमध्ये देवाशी भांडणारा एक माणूस आहे.

तो माणूस म्हणजे ईयोब. मी लगेच सुरू झालो. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा तास ईयोबाची परीक्षा, श्रद्धा, दुःखाचा अर्थ वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू पण आमच्या काकांसारखाच बोलतोयस."

त्या रात्री मी ते पुस्तक परत उघडलं. ईयोबाची मुलं गेलेली, अंगभर फोड आलेले. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. पुढे तोंड उघडतात ते मात्र शिकवायलाच: तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. ते देवाचीच बाजू मांडत होते, तरीही. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्यातला तिसरा मित्र मी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला 'ईयोब' दिलं. पण एक गोष्ट मनात सलत होती. समोरच्याचा प्रश्न बघून पान काढून द्यायचं, तर हवं तेच दाखवल्यासारखं होत नाही का? क्लायंटला डेमो देताना आपण चालणाऱ्याच स्क्रीन दाखवतो, तसं. म्हणून त्याला सांगितलं, "हे मी निवडून देतोय. याच बायबलमध्ये 'यहोशवा' आहे. त्यात यरीहो शहरातल्या बायका, पोरं, म्हातारे सगळ्यांची देवाच्या नावानं कत्तल होते. तेही कधीतरी वाच. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

चारशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटापुढे हाच प्रश्न होता. त्यानं लोकांच्या कानाला ओळखीची ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला आणि जगाच्या निर्मितीपासून सुरुवात केली. १६१६ साली छापलेलं त्याचं 'क्रिस्तपुराण' मराठीत आजही गोड वाटतं. पण साष्टीतली देवळं तोवर पोर्तुगीजांनी पाडली होती. ऐकणाऱ्याला "नको, पुरे" म्हणून उठून जायची मुभा कितपत होती? सुरुवात कितीही सुंदर असली, तरी ही मुभा नसेल तर त्याला शिकवणं म्हणायला माझी जीभ कचरते.

माझा मित्र पुस्तक कधीही मिटू शकतो. ते मिटलं तरी आमचं भाडं, भांडी आणि मैत्री तशीच राहणार आहे.

काल तो ३८व्या अध्यायापर्यंत आला. तिथं वादळातून देव बोलू लागतो. पुढची चार पानं वाचून त्यानं मान वर केली. "देव इतकं बोलला, पण ईयोबाच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही."

मला यावर बरंच काही माहीत होतं. मी उठलो, गॅसवर चहा ठेवला आणि त्याच्या शेजारी येऊन बसलो.