मुलांचें हित कोणीं ठरवावें?

मुलांच्या हितासाठीं त्यांना आईपासून कायमचें तोडण्याचा अधिकार बापाला आहे काय? हा प्रश्न आमच्या मनांत आला तो जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याच्या चरित्रावरून. मद्रासेस १७६४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ कंपनी सरकारच्या फौजेंतला अंमलदार. खर्ड्यावर १७९५ त मराठ्यांकडून हार खाल्लेल्या निजामास इंग्रजांच्या गोटांत ओढून, १७९८ त त्याच्या पदरचें फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील सैन्य निःशस्त्र करविण्यांत याचा मोठा हात होता.

राजकारणांतला हा धूर्त पुरुष संसारांत मात्र हैदराबादचाच झाला. खैरुन्निसा या उमराव घराण्यांतील मुलीशीं त्यानें मुसलमानी पद्धतीनें लग्न लाविलें. वरिष्ठांची चौकशी पाठीशीं लागली, तरी तिला सोडिलें नाहीं. साहेब आलम व साहेब बेगम अशीं दोन अपत्यें झालीं.

मुलगा चार व मुलगी तीन वर्षांची असतां, १८०५ सालीं, त्यानें दोघांना विलायतेस धाडिलें. आईबापांपैकीं एक एतद्देशीय असलेल्या मुलांना कंपनीची मुलकी व लष्करी चाकरी १७९१ पासून बंद होती. तेव्हां बापाचा हिशेब व्यवहारदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु ज्या सत्तेनें त्याचें पोर नालायक ठरविलें, तिचाच पाया तो स्वतः भरीत होता! आपण ज्या व्यवस्थेचे चाकर, तिच्या अन्यायाचा भार आपल्या मुलांच्या आईवर टाकणें, याला पितृकर्तव्य म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. तो निर्दय नव्हता, हेंच अधिक दुःखाचें. मुलें निघण्यापूर्वीं त्यानें चिनरी या चित्रकाराकडून त्यांची तसबीर काढवून घेतली.

जहाज सुटून थोडेच दिवस लोटले असतील, तों १५ ऑक्टोबर रोजीं कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. खैरुन्निसा १८१३ त गेली. मुलें तिला पुन्हा दिसलीं नाहींत.

मुलांचें हित झालें नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं. मुलगा १८२८ त वारला. पण मुलगी इंग्लंडांत सुखानें नांदली व १८८९ पर्यंत जगली. तिचा पतीही लष्करी अधिकारीच. चाळिशीच्या सुमारास तिचा हैदराबादेंतील आजीशीं पत्रव्यवहार सुरू झाला. निरोपाच्या वेळीं आई कोठें बसली होती, कशी रडत होती, आपले लांब केस कसे उपटीत होती, हें सारें तिनें आजीला कळविलें. पत्र इंग्रजींत होतें. आजीचीं उत्तरें फारशींत. एकमेकींचें मन कळावयास मध्यें भाषांतरकार लागे.