पोचा पडलेला तांब्या



वारकऱ्याचे सामान ते किती! गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ, खांद्यावर पताका, पडशीत एक धोतर, एक पांघरूण आणि पाण्याला एक तांब्या. आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. त्यांना आमची ना नाही. पण आमच्या पडशीत अजून वडिलांचा पितळी तांब्याच असतो, आणि आजचे निरूपण त्या तांब्याचेच आहे. कोणी म्हणेल, हरिकथा सोडून हे तांब्याचे पुराण कशाला? तर ऐकावे. संतांनी मडके, जाते, वस्त्र, अशी घरातलीच वस्तू हाती घेऊन परमार्थ समजावला. आम्ही त्यांच्या पायांची धूळ. पण वाट तीच धरावी म्हणतो.

आमचा तांब्या धड नाही. पोटाला एका बाजूस मूठभर पोचा आहे. बूड वाकडे आहे, त्यामुळे पाटावर ठेवला की डुलतो. काठाजवळ चीर गेली होती, तिथे डाग दिलेला आहे. चिंच लावा, राख लावा, ती जागा काळसर ती काळसरच. परवा घरातल्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हा मोडीत घालू या का? स्टीलचा नवा घेऊ." पोरीचे काही चुकले नाही. घासण्याचे काम तिचे, आणि डुलणाऱ्या तांब्याने तिचा ओटा दोनदा भिजवलेला. आम्ही काही बोललो नाही, पण हात आपोआप तांब्याकडे गेला. तिला द्यावयाचे उत्तर तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

येथे पहिली शंका अशी की, वारकऱ्याने एका भांड्यात जीव अडकवावा का? ही ममताच नव्हे काय? शंका योग्य आहे. ममता आणि माया यांची शेजारची घरे आहेत, दारावरून ओळखू येत नाहीत. आमच्या अल्पमतीने खूण एवढीच: ममता वस्तूपाशी थांबते, आणि माया वस्तूतून माणसापर्यंत जाते. ममता म्हणते, "हा माझा तांब्या." माया म्हणते, "हा कोणाकोणाच्या हातचा तांब्या!" आता आमचे प्रेम यातले कोणते होते, ते पुढे कळेल. कबूल करायला लाज वाटते, पण सांगतो.

तो पोचा आमच्या धाकट्या भावाच्या हातचा. सहा-सात वर्षांचा होता. तांब्याला दोरी बांधून विहिरीतून पाणी काढायला गेला, गाठ सुटली, आणि तांब्या पायऱ्यांवर आपटत खाली गेला. वडील आले तेव्हा पोर थरथर कापत उभे. वडिलांनी पायऱ्या उतरून तांब्या काढला, फिरवून पाहिला, पाणी भरले, घटाघटा प्याले आणि म्हणाले, "पाणी राहतंय ना यात? मग झालं." एवढेच. पुढे तोच तांब्या त्यांनी शेवटपर्यंत वारीला नेला.

त्यांच्या मागे तांब्या आमच्याकडे आला. आम्ही तो एका तांबटाकडे नेला. म्हटले, पोचा काढून दे, चीर बुजव. त्याने बोटाने पत्रा चाचपला. म्हणाला, "चिरेला डाग देतो. पोच्याला मात्र हात लावायला सांगू नका. धातू ठोकला की कडक होतो. तापवून नरम करावा, पुन्हा ठोकावा, असं करता येतं; पण हा पत्रा जुना, पातळ झालेला. सरळ करायला जावं तर तिथंच फाटेल. गळत तर नाही, मग राहू द्या की." वडिलांचेच बोलणे त्याच्या तोंडून आले.

आणि पहा, आपल्या भाषेची गंमत! अमक्याच्या नावाला डाग लागला म्हणतो, आणि भांड्याला डाग दिला असेही म्हणतो. शब्द एकच. पहिला डाग नाव घालवतो, दुसरा गळती थांबवतो. लागलेल्या डागाकडे बोट दाखवणारे गावभर असतात. डाग देणारा एखादाच.

संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटले, आणि नामदेवराय कच्चे ठरले, ही कथा आपण सर्व जाणतो. पण पुढचे विसरतो. कच्चे ठरले म्हणून नामदेवरायांना कोणी टाकून दिले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. थापटणे मारले ते परखण्यासाठी, फोडण्यासाठी नव्हे. आपण माणसाला परखतो, आणि उणे दिसताच मोडीत काढतो. उलट तांब्याला मात्र जपतो!

आम्ही नेमके हेच केले. वडिलांच्या मागे शेतीची वाटणी झाली. विहीर सामाईक राहिली, आणि पाण्याच्या पाळीवरून भाऊ एक शब्द बोलला. आम्ही दोन बोललो. बोलणे तुटले. बांधाला बांध, पण ११ वर्षे आम्ही त्याची ओसरी चढलो नाही. दरसाल वारी चालू, भजन चालू, एकादशी चालू. भावाच्या हातचा पोचा आम्ही रोज कुरवाळला, आणि भावाला टाळले.

मग एका वर्षी नीरेच्या काठी ही गाठ सुटली. माउलींच्या पादुकांचे स्नान झाले, आम्ही तांब्या भरून घेतला. शेजारी एक म्हातारे वारकरी होते. त्यांनी सहज विचारले, "माउली, तांब्याला पोचा कशानं पडला?" आम्ही मोठ्या कौतुकाने विहिरीची हकीकत सांगितली. म्हातारा खुदकन हसला आणि म्हणाला, "मग तो धाकटा कुठाय? वारीला आला न्हाई?"

सज्जनहो, काय उत्तर द्यावे? घास घशात अडकावा तसे झाले. तिथून पंढरपूरपर्यंत तांब्या पडशीत जड झाला होता.

त्या वर्षी दर्शनाच्या रांगेत उभे असताना आमचे लक्ष फक्त चरणांकडे होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या चरणांवर माथे टेकले, हात फिरले. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर सर्वांना खुले झाले, आणि आजवर बाहेर थांबवलेले माथेही तिथे पोहोचले. इतक्या स्पर्शाने पाषाणही झिजतो. म्हणून मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. २०२० सालीही केला. आम्ही मनात म्हटले, विठुराया, तू दगडाचा असून लेकरांच्या प्रेमाने झिजलास, कमरेवरचा हात काढून कोणाला दूर सारले नाहीस. आम्ही हाडामांसाचे, आणि सख्ख्या भावाचा एक शब्द लागला तर ११ वर्षे कडक झालो! ठोके खाऊन कडक होणे हा धातूचा धर्म. नरम होण्याला आच लागते. ती आच त्या दिवशी लागली.

घरी परतलो, तो आधी भावाच्या दारी गेलो. हातात तांब्या होता. तो ओसरीवर बसला होता. उठला नाही, या म्हणाला नाही. तांब्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, अजून डुलतोच का हा?" आम्ही म्हटले, "डुलतो. पण पाणी राहतंय." त्याने तो आमच्या हातून घेतला, आत जाऊन भरून आणला, आणि आम्ही दोघे प्यालो.

पाण्याच्या पाळीचा वाद काही त्या दिवशी मिटला नाही. तो वर्षभराने मिटला, तोही पुरता नाही. अजून कधीकधी शब्दाला शब्द लागतो. पोचा आहे तिथे आहे. पण गळती थांबली. तेव्हापासून तांब्या आषाढीला आमच्या पडशीत असतो आणि कार्तिकीला त्याच्या.

तात्पर्य काय? जुन्या वस्तूवर प्रेम करावे, खुशाल करावे. पण ते प्रेम वस्तूपाशी अडले तर ती मोहाची कडी समजावी. प्रत्येकाच्या घरात एखादे चिरलेले, डुलणारे, डाग दिलेले भांडे असते. ते हातात घ्या आणि स्वतःला विचारा, हा पोचा कोणाच्या हातचा? तो माणूस आज कुठे आहे? आणि घरातच एखादा पोचा पडलेला माणूस असेल, बोलायला तिरका, वयाने डुलणारा, तर त्याला ठोकून सरळ करू पाहू नका. पत्रा जुना आहे. त्यात पाणी राहतंय ना, तेवढे पहा.

सूनबाईंना हे सर्व सांगितले. त्यांनी तांब्याखाली ठेवायला कापडाची एक चुंबळ करून दिली आहे. आता तो डुलत नाही.

रामकृष्णहरि.