अपुरे वाचन आणि वाचकाची जबाबदारी

हाती घेतलेले पुस्तक अर्धवट सोडताना वाचकाला जी टोचणी लागते, तिचे मूळ मराठी संस्कृतीत काही अंशी पारायणाच्या कल्पनेत शोधता येईल. ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह सात दिवसांत पुरा करावयाचा असतो, तेथे खंड हा दोष ठरतो, कारण ते वाचन म्हणजे व्रत असते. साहित्यकृतीच्या वाचकाने असा कोणताही संकल्प केलेला नसतो. दान्येल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत पुस्तक पुरे न करण्याचा हक्क तिसरा आहे.

हक्क मान्य केला तरी तो केव्हा बजावावा, हा प्रश्न उरतोच. कंटाळा हा पुरेसा निकष नव्हे, कारण तो दोन प्रकारचा असतो. कृतीची रीत उमगली आणि पुढील पृष्ठांत तिचीच पुनरुक्ती होणार हे दिसू लागले, तर येणारा कंटाळा हा एक मूल्यनिर्णय असतो. उलट, कृती काय करू पाहते हेच न कळल्याने येणारा कंटाळा वाचकाच्या सवयींची मर्यादा दाखवितो. म्हणून कळलेले पुस्तक खुशाल सोडावे. न कळलेले सोडण्याची मात्र घाई करू नये. अडचण एवढीच की, सवय दुखावलेला वाचकही ‘सारे कळले’ असेच म्हणत असतो.

व्हर्जिनिया वुल्फचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑगस्ट १९२२ मध्ये ‘युलिसिस’ची दोनशे पृष्ठे वाचून तिने दैनंदिनीत तीव्र नापसंती नोंदविली. तरीही सप्टेंबरमध्ये तिने ती कादंबरी पुरी केली. मत अनुकूल झाले नाही. पण एक मर्मग्राही परीक्षण वाचल्यावर, कृती आपण मानली त्याहून प्रभावी असावी, हे तिने मान्य केले. पहिली प्रतिक्रिया तिने खोडली नाही. काही प्रकरणे पुन्हा वाचली पाहिजेत, असे मात्र लिहिले.

तिची नापसंती वादक्षम ठरते ती या पूर्णतेमुळे. पुस्तक सोडणे ही वाचकाच्या आयुष्यातील घटना होय. तिच्यावरून कृतीविषयी काहीच सिद्ध होत नाही. सामान्य वाचकाला त्याचा जाब द्यावा लागत नाही. समीक्षक आणि अध्यापक यांचे तसे नाही, कारण त्यांच्या शब्दावर विसंबून इतर वाचक ते पुस्तक उघडतच नाहीत. त्यांनीही पुस्तक सोडावे. पण मग निर्णय न देता, आपले वाचन कोठे व का थांबले, एवढेच सांगावे.