पकडीचे श्रेय

बारामती-इंदापूरकडे कबड्डीच्या मैदानावर कोपऱ्यातील गड्याने चढाईवाल्याचा घोटा धरला, की सारी वाहवा त्याचीच होते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही पकडीचे श्रेय एकाच गड्याच्या नावे मांडतात. हा न्याय पुरता आहे काय? मध्यरक्षकाने वाट अडविली नसती तर तो घोटा निसटताच. उलटपक्षी, साखळीच्या आधाराने दुबळा गडीही शूर दिसतो. तीन किंवा कमी गडी उरले असता केलेल्या पकडीस एक गुण अधिक मिळतो. एकट्याचे बळ तेथेच पारखावे. परंतु सात गडी असता, झेपेचा मोह आवरून जो आपली जागा राखतो, त्याचे नाव कोणत्याच वहीत चढत नाही. ते प्रेक्षकांनी ध्यानी ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे.