मूळ कुठे संपते?

दोषाचा समूळ उच्छेद करावा, असे बजावणारे पुष्कळ भेटतात. पण मूळ नेमके कुठे संपते, हे पाहण्याची तसदी कितीजण घेतात? त्वचेच्या कर्करोगावरील एका शस्त्रक्रियेविषयी वाचताना हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला.

नाकावर किंवा पापणीवर अशी गाठ उठली, की तिची दिसणारी कड ही खरी कड नसते. कातडीखाली तिच्या मुळ्या कुठवर गेल्या आहेत, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून एरवी सर्जन भोवतालची काही मिलिमीटर निरोगी कातडीही अंदाजाने काढतो. तो तुकडा पावासारखा उभा कापून त्यांतले थोडे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन कापांमधली कड न पाहताच राहते. प्रत्यक्ष तपासला जातो तो बहुधा एकूण कडेचा शंभरावा हिस्साही नसतो!

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील फ्रेडरिक मोझ यांनी १९३६ साली निराळ्या रीतीने रोगी तपासायला आरंभ केला. प्रारंभी ते झिंक क्लोराइडचा लेप लावीत. त्यात वेळ जाई, वेदनाही होत. पुढे ताजी कातडी गोठवून पाहण्याची पद्धत रुळली. बशीसारखी पातळ चकती काढायची, कडांना रंग लावून नकाशा आखायचा, ती दाबून बाजू आणि तळ एका पातळीत आणायचे आणि सबंध कड पाहायची. रोग उरला असेल, तर नकाशात दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा सुरी लावायची. तोवर रोगी पट्टी बांधून बसून राहतो.

पाठीवरच्या लहानशा गाठीला एवढा खटाटोप सहसा लागत नाही. शिवाय मुळी मध्येच तुटून पलीकडे रुजली असेल, तर कड निर्मळ दिसूनही रोग मागे उरतो. पण पापणीवर अंदाजाने अधिक कापणे याला आपण सावधपणा म्हणतो, तेव्हा त्या सावधपणाची किंमत रोग्याचा चेहरा देत असतो.

खडू कोणी फेकला हे न शोधता सगळ्या वर्गाला बाकावर उभे करणारा मास्तर कडक म्हणून नावाजला जातो. मला तो आळशी वाटतो. आपली पुष्कळशी कठोरता ही न पाहिलेल्या कडेची भरपाई असते. आणि पुष्कळशी क्षमाही! दोन्हींच्या आधी नीट पाहणे हे पहिले कर्तव्य आहे. मग सुरी थोडीच चालवावी लागते आणि ती चालवताना हातही कापत नाही.