चौकटीबाहेरचं पाणी

पावसात बागेचं छायाचित्र चांगलं येतं, हे कॅमेरा हाताळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या टोचत नाहीत, पानांवरची धूळ जाते, हिरवा रंग गडद होतो. आणि बागेत माणसं नसतात. या शेवटच्या कारणापाशी मी अडखळतो. आखीव बाग माणसाच्या हाताशिवाय एक पावसाळाही तग धरत नाही. मग माणूस वगळून टिपलेली बाग खरी म्हणायची का?

मुंबईच्या मलबार हिलवरचं फिरोजशहा मेहता उद्यान घ्या. लोकांच्या तोंडी ते हँगिंग गार्डन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेकडीच्या माथ्यावर मांडलेली ही बाग प्राण्यांच्या आकारात कातरलेल्या झुडपांसाठी प्रसिद्ध आहे. आता झुडूप सर्वात जोमाने वाढतं ते पावसाळ्यात. प्राण्याच्या पाठीवर चार दिवसांत कोंब फुटतात, कानाची कड पुसट होते. म्हणजे छायाचित्रकाराला जो ऋतू हवा, त्याच ऋतूत माळ्याची कातर सर्वात जास्त चालावी लागते. चित्र स्वच्छ यावं म्हणून माळी बाजूला होईपर्यंत आपण थांबतो, तेव्हा त्या आकाराचं कारणच चौकटीबाहेर काढत असतो.

यावर एक सरळ उत्तर आहे. प्रत्येक चौकट काहीतरी वगळतेच. लेखकही वगळतो, चित्रकारही वगळतो. मग छायाचित्रकारालाच दोष का? हे मला मान्य आहे. वगळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण वगळलेलं काय आहे हे माहीत असणं आणि माहीतच नसणं, यांत फरक आहे.

काश्मीरमधली निशात बाग सतराव्या शतकात नूरजहानचा भाऊ असफ खान याने उभारली. खाली दल सरोवर, वर जबरवानचा डोंगर आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी बाग. तिची सगळी शोभा या दोन टोकांवर उभी आहे. दाट पावसात डोंगर ढगात जातो, सरोवर धुक्यात जातं, आणि छायाचित्रात उरतात फक्त पायऱ्या. बागेने डोंगर उसना घेतला होता, हे तेव्हा कळतं. तिथे पाऊस बागेचं ऋण उघड करतो.

मलबार हिलचं ऋण मात्र पावसातही दिसत नाही, कारण ते पायाखाली आहे. ही बाग दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाचं छप्पर आहे. हिरवळीखाली पिण्याचं पाणी साठवलेलं आहे आणि ते टेकडीवर पडलेल्या पावसाचं नाही. तानसा, भातसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांतून मुंबईला पाणी येतं. त्यांतली तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ही बातमी दरवर्षी येते आणि पहिला पाऊस पडला की विरते. आपण ज्या सरीला ‘वातावरण’ म्हणतो, ती कुणाच्या तरी वर्षभराच्या पाण्याचा हिशेब असते.

2023 मध्ये हा जुना जलाशय नव्याने बांधण्याचा महापालिकेचा बेत पुढे आला. त्यात 389 झाडं बाधित होणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी पाहणी केली आणि जलाशय पाडण्याचा विचार मागे पडला. झाडं वाचली याचा आनंदच आहे. पण अशा वादात झाडांची बाजू मांडायला छायाचित्र चटकन हाताशी येतं. जमिनीखालच्या टाकीचं छायाचित्र कोण काढणार? आणि शहापूरच्या पाड्याचं छायाचित्र मलबार हिलच्या चर्चेत कोण ठेवणार? सुंदर दिसणाऱ्या वस्तूला आपोआप वकील मिळतो. छायाचित्रकाराची नैतिक अडचण इथे आहे. त्याने काही चूक केलेली नसते, पण त्याच्या हातून पारडं झुकतं.

कुरुदला राहणाऱ्या आम्हा भिलाईकरांना हे परकं वाटायला नको. इथली मैत्री बाग भारत आणि सोव्हिएत संघाच्या मैत्रीच्या नावाने उभी राहिली. त्या मैत्रीतला एक देश 1991 मध्ये नकाशावरून गेला. बाग आहे, नाव आहे, आणि रोज तिची निगा राखणारे हातही आहेत. पावसात टिपलेल्या तिच्या छायाचित्रात यांतलं काहीच येत नाही. ती सपाटीवर आहे एवढाच फरक.

मग काय, पावसातली बाग टिपूच नये? तसं मला वाटत नाही. सौंदर्याबद्दल अपराधी वाटून घेण्याने शहापूरला एक हंडाही जास्त मिळत नाही. प्रत्येक चित्राला प्रवचनाची शेपटी जोडणंही नको. पण दोन साध्या गोष्टी जमण्यासारख्या आहेत. माळी चौकटीत आला तर त्याला हटवू नये. त्याचा चेहरा दिसत असेल तर आधी विचारावं, आणि तो नाही म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. दुसरी गोष्ट चित्राखालच्या ओळीची. ‘पावसातली शांतता’ असं लिहिण्याऐवजी जागेचं नाव, महिना आणि ‘या हिरवळीखाली शहराचं पिण्याचं पाणी आहे’ एवढं लिहिता येतं. चित्र तेच राहतं. पाहणारा मात्र त्या हिरवळीवर पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबेल, आणि हे पाणी कुठून आलं असं कदाचित कुणाला तरी विचारेल.